आगीचे इंधन बॅटरीतच

विजेवर चालणाऱ्या दुचाकींना लागणाऱ्या आगींकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते २०२२ साली. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक स्कूटर आपोआप पेटली. सप्टेंबरात सिकंदराबादला विजेच्या स्कूटरींच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये कोंडला आणि आठ जण प्राणास मुकले. त्यानंतर दोष कोणाचा, याची चर्चा पुष्कळ झाली. कोणी उन्हाळ्याकडे बोट दाखविले, कोणी स्वस्तातल्या आयात मालाकडे, तर कोणी रात्रभर चार्जिंग चालू ठेवणाऱ्या मालकाकडे. या प्रत्येक म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु ठिणगी कोठून पडली याचा शोध घेताना, पेटले ते नेमके काय, हा प्रश्न मागे पडला. लिथियम बॅटरीला आगीचे इंधन बाहेरून मिळावे लागत नाही. ते कारखान्यातच तिच्या पोटात भरलेले असते.

या इंधनाचे नाव इलेक्ट्रोलाइट. बॅटरीच्या प्रत्येक घटात धनाग्र आणि ऋणाग्र असते. चार्जिंग होताना आणि वीज देताना लिथियमचे आयन या दोहोंमध्ये ये-जा करतात, आणि ही वाहतूक ज्या द्रवातून होते तो इलेक्ट्रोलाइट. घटाचा विद्युत दाब साडेतीन ते चार व्होल्टच्या घरात असतो. पाण्याचे विघटन मात्र सव्वा व्होल्टच्या सुमारासच होऊ लागते. त्यामुळे साधे पाणी येथे चालत नाही. त्याऐवजी इथिलीन कार्बोनेट, डायमिथिल कार्बोनेट यांसारख्या सेंद्रिय विद्रावकांत लिथियमचे एक लवण विरघळवितात. डायमिथिल कार्बोनेटची वाफ वीस अंश सेल्सिअसच्या आतच ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. रॉकेललादेखील याहून अधिक उष्णता लागते. रॉकेलचा डबा चुलीपासून दूर ठेवणाऱ्या घरात आज हा द्रव जिन्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेला असतो.

एखादा घट आतून शॉर्ट झाला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला की त्याचे तापमान चढू लागते. शंभर अंशांच्या आसपास ऋणाग्रावरील संरक्षक पापुद्रा मोडतो आणि द्रवाशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने आणखी उष्णता निर्माण होते. सुमारे १३० अंशांना दोन अग्रांमधील प्लॅस्टिकचा पडदा वितळतो. पुढे निकेल किंवा कोबाल्ट असलेले धनाग्र स्वतःच प्राणवायू सोडू लागते. इंधन आत, उष्णता आत आणि प्राणवायूही आतच, अशी ही आग असते आणि ती एका घटाकडून शेजारच्या घटाकडे जाते. लोह-फॉस्फेटाचे धनाग्र प्राणवायू सहजासहजी सोडत नाही, म्हणून ते अधिक सुरक्षित मानले जाते आणि ते योग्यच आहे. पण तेथेही भरलेला द्रव बहुधा तोच असतो.

हा धोका शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हता असे नाही. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात एक्सॉनच्या प्रयोगशाळेत लिथियम धातूचे ऋणाग्र वापरले तेव्हाही आगी लागत. १९८५ साली जपानचे अकिरा योशिनो यांनी धातूच्या जागी कार्बनी पदार्थ योजला आणि १९९१ साली सोनी कंपनीने असे घट बाजारात आणले. जॉन गुडइनफ यांच्यासह या दोघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धोकादायक धातू गेला. ज्वालाग्राही द्रव राहिला. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या ड्रीमलायनर विमानातील बॅटरी पेटली, जपानमध्ये दुसऱ्या विमानाला तातडीने उतरावे लागले, आणि एअर इंडियाच्या सहा विमानांसह या जातीची जगातील सर्व पन्नास विमाने जमिनीवर राहिली. त्यानंतर बॅटरीभोवती पोलादी पेटी बसविण्यात आली व धूर विमानाबाहेर सोडण्याची सोय झाली. विमानापुरता हा उपाय पुरेसा असेल. परंतु हलक्या स्कूटरीवर असे ओझे लादता येत नाही. केवळ पेटीवर आणि चार्जिंगच्या सूचनांवर विसंबणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच प्रकार होय.

द्रवच बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत. टोकिओ विद्यापीठाच्या आत्सुओ यामादा यांच्या गटाने २०१७ साली ट्रायमिथिल फॉस्फेट या अग्निरोधक विद्रावकात लवणाचे प्रमाण खूप वाढवून न पेटणारा इलेक्ट्रोलाइट सिद्ध केला. अडचण लवणाच्या किमतीची आणि द्रवाच्या दाटपणाची आहे. दुसरा मार्ग घन इलेक्ट्रोलाइटचा. २००७ साली रामस्वामी मुरुगन व वेंकटरामन थंगदुराई या भारतीय शास्त्रज्ञांनी जर्मन सहकारी वेर्नर वेप्नर यांच्यासह लिथियम, लँथॅनम व झिर्कोनियम यांचे गार्नेट जातीचे ऑक्साइड पुढे आणले. ते जळत नाही. पण ते ठिसूळ असते आणि त्याच्या भेगांतूनही लिथियमचे तंतू वाढतात. २०११ साली र्‍योजी कान्नो यांच्या गटाने दाखविलेला गंधकयुक्त घन पदार्थ द्रवाइतक्याच सहजतेने आयन वाहून नेतो. पण या वर्गातील पदार्थ दमट हवेत विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात.

तेव्हा ‘घन’ म्हणजे ‘निर्धोक’ असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये घन पॉलिमरच्या बॅटरीवर चालणाऱ्या दोन बसगाड्या जळाल्या आणि त्या जातीच्या १४९ गाड्या काढून घ्याव्या लागल्या. त्या बॅटरीत लिथियम धातू होता. सुरक्षितता पदार्थाच्या नावावरून ठरत नाही. संपूर्ण घट तापवून, चिरडून आणि भोसकून पाहिल्यावरच ती कळते.

आपल्या धोरणात नेमकी हीच कसोटी दुबळी आहे. वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे नियम २०२२ च्या अखेरीपासून कडक झाले, हे स्वागतार्ह होते. मात्र केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये प्रगत बॅटऱ्यांच्या उत्पादनासाठी मंजूर केलेल्या १८,१०० कोटी रुपयांच्या योजनेत गुणवत्तेची मोजपट्टी दोनच गोष्टींची ठेवली: किलोमागे किती वीज साठते आणि घट किती वेळा चार्ज होतो. घट किती तापमानाला पेटतो, या तिसऱ्या मोजपट्टीला तेथे स्थान नाही. ज्या गुणासाठी पैसे मिळतात त्याच गुणाकडे कारखानदार लक्ष देणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. न पेटणारा इलेक्ट्रोलाइट वापरणाऱ्यास जादा अनुदान मिळाले पाहिजे आणि चाचण्यांचे निष्कर्ष ग्राहकाला वाचता येतील असे जाहीर झाले पाहिजेत. कराईकुडीची केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था आणि पुण्यातील सी-मेट यांसारख्या संस्थांना या कामासाठी दीर्घ मुदतीचा निधी हवा.

असा माल महाग पडेल आणि ग्राहक तो घेणार नाही, हा आक्षेप येणारच. पण सिकंदराबादला जे गुदमरून गेले ते स्कूटरीचे ग्राहक नव्हते. वरच्या मजल्यावर उतरलेले पाहुणे होते. खालच्या बॅटरीची किंमत ठरविताना त्यांना कोणी विचारले नव्हते. ज्यांना विचारले जात नाही त्यांच्या वतीने विचारणे, हे शासनाचे काम आहे.