रजिस्ट्रीच्या दिवशी काय होते?

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपण मराठीत म्हणतो, तर कन्नडात 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु'. दोन्ही भाषांतल्या वडीलधाऱ्यांनी इशारा एकच दिला. आज त्यात बँकेच्या कागदांची भर पडली आहे. कर्ज मंजूर झाले की मंठाळ-बसवकल्याणकडे पेढे वाटले जातात, पण खरी कसोटी खरेदीखताच्या दिवशी असते.

पुण्या-सोलापुरात घर घेतलेले पाहुणे सल्ला देतात, "सातबारा बघा, इंडेक्स टू घ्या." ही कागदपत्रे महाराष्ट्रातली. आपल्याकडे शेतीला पहाणी, ग्रामपंचायत हद्दीतील घर-प्लॉटला ई-स्वत्तूचा नमुना 9 व 11 आणि नगरपालिका हद्दीत ई-खाता लागतो. शिवाय ऋणभार प्रमाणपत्र, म्हणजे आपली 'ई.सी.', हवेच. जागेवर नोंदलेला बोजा त्यात दिसतो. नोंदणी न झालेला व्यवहार मात्र दिसत नाही, म्हणून वकिलाकडून मूळ कागद तपासून घ्यावेत.

पदरचे पैसेही वेगळे काढून ठेवावेत. 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च सहसा त्यात धरत नाही. कर्नाटकात 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क 1 टक्क्यावरून 2 टक्के झाले. त्यात 5 टक्के मुद्रांक, उपकर व अधिभार मिळवला, तर 20 लाखांच्या घराला दीड लाखाच्या वर लागतात.

कावेरी 2.0 प्रणालीत दस्ताचा मसुदा आधीच ऑनलाइन चढवतात, शुल्क भरतात, मग तारीख मिळते. त्या दिवशी सब-रजिस्ट्रार कचेरीत घेणारा, विकणारा आणि साक्षीदार हजर असतात. फोटो व अंगठ्याचे ठसे होतात. बँकेचा माणूस सहसा विक्रेत्याच्या नावाचा डीडी घेऊन येतो. नोंदणी झाली की मूळ खरेदीखत तारण म्हणून बँकेकडे जाते. घरी नक्कल ठेवावी आणि दिलेल्या कागदांच्या यादीवर बँकेचा शिक्का घ्यावा.

आता मुख्य मुद्दा भाषेचा. दस्त कन्नडात, बँकेचे कागद इंग्रजीत आणि सही करणारे आजोबा मराठी वाचणारे, हे आपल्याकडे घरोघरी दिसते. वाचकहो, इथे लाजू नये. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार कर्जाचा मुख्य तपशील देणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, समजावूनही सांगावे लागते. व्याजासह सर्व खर्च धरून वार्षिक दर त्यात असतो. त्यात न लिहिलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. हा नियम सहकारी बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे. तेव्हा पत्रक मराठीतून मागावे.

दस्ताचा मसुदा तारखेच्या आधी घरी आणावा. कन्नड शाळेत शिकणाऱ्या मुला-नातवंडांकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. नावांची अक्षरे, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा, म्हणजे कन्नडातली चक्कुबंदी, जुन्या कागदाशी ताडून पाहावी. पूर्वेचा शेजारी पश्चिमेला लिहिला गेला, तर दुरुस्तीसाठी पुन्हा विक्रेत्याच्या दारी जावे लागते. घर दोघांच्या कमाईतून होत असेल, तर सूनबाईचे नाव दस्तात आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

कर्ज फिटल्यावरची गोष्टही ध्यानात असू द्या. 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5000 रुपये भरपाई आहे.

कर्ज वीस वर्षांचे असते. वाचायला एक संध्याकाळ पुरते. तेवढी घरच्या सगळ्यांनी मिळून काढावी.