गाळणींतून निघालेले चेहरे

संगणकावर छायाचित्रें सुधारण्याच्या कार्यक्रमांत एखादी नवी गाळणी, म्हणजे लोक जिला 'फिल्टर' म्हणतात ती, आली कीं ती लावून पाहण्याची जी लाट सुशिक्षित घरांतून उसळते, तिजविषयीं आम्हांस चार शब्द कठोरपणें बोलावयाचे आहेत. प्रारंभींच सांगून टाकतों कीं, आमचा रोख यंत्रावर नाहीं आणि हौसेवरहि नाहीं. बागेंतल्या जास्वंदीचें जलरंगी चित्र करा, सूर्यास्तावर भिंगाची चमक उमटवा, मांजरास प्लॅस्टिकमध्यें गुंडाळल्यासारखें दाखवा. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. (तो जलरंग जलरंगासारखा क्वचितच दिसतो, पण तो प्रश्न अभिरुचीचा झाला.) आमचें भांडण आहे तें, हाच खेळ घरच्या जुन्या पेटींतील छायाचित्रांवर निःशंकपणें चालविला जातो त्याशीं.

या प्रकाराचे कैवारी एक युक्तिवाद मोठ्या ऐटीनें पुढें करतात. छायाचित्र केव्हां खरें होतें, असें ते विचारतात. रेलँडर यानें १८५७ सालीं तीसांहून अधिक निगेटिव्ह जोडून 'जीवनाचे दोन मार्ग' हें चित्र सिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं रॉबिन्सन यानें पांच निगेटिव्ह जोडून मरणोन्मुख मुलीचें चित्र रचलें. आपल्याकडेहि छायाचित्रांवर कुंचला फिरविणारे कारागीर होतेच. हें सारें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यावरून काय सिद्ध झालें? रेलँडरचें चित्र हें रूपक आहे, हें पाहणारास उघड दिसत होतें; आणि रंगाऱ्यास निदान घरच्या माणसांना विचारतां येत होतें कीं, बाई, शालू हिरवा होता कीं जांभळा? आजची गाळणी कोणालाच विचारीत नाहीं.

ती करते काय, हें पाहिल्यास आमचें म्हणणें स्पष्ट होईल. संगणकास छायाचित्र म्हणजे बारीक चौकटींची मांडणी. करड्या चित्रांत प्रत्येक चौकटीस साधारणपणें ० ते २५५ यांतील एक आंकडा. अंधुक करणारी गाळणी प्रत्येक आंकड्याच्या जागीं शेजाऱ्यांची सरासरी ठेवते. धूळ व ओरखडे काढणारी गाळणी शेजाऱ्यांशीं न जुळणारा ठिपका हेरून त्यास शेजाऱ्यांसारखा करते. धूळ कोणती आणि कुंकू कोणतें, हें तिला कळण्याचें कारणच नाहीं. लहान आकाराच्या चित्रांत आजीच्या कपाळावरचें कुंकू, हनुवटीवरचें गोंदण, गालावरचा तीळ, हीं सर्व तिच्या लेखीं कचराच. पट्टी जरा अधिक सरकविली कीं चेहरा स्वच्छ होतो, आणि आजी मात्र त्यांतून निघून जाते.

याहून मोठा प्रमाद रंग भरणाऱ्या गाळणीचा. थॉमस नोल यानें १९८७ सालीं लिहावयास घेतलेला व १९९० सालीं अडोबी कंपनीनें बाजारांत आणलेला फोटोशॉप हा कार्यक्रम फार काळ मुख्यतः अंकगणितच करीत होता. २०२० सालीं त्यांत आलेल्या गाळण्या अनुमान करूं लागल्या. असंख्य चित्रें पाहून तयार झालेली ही विद्या करड्या छटेवरून आणि आकारावरून रंग ठरविते. पण जुन्या कांचेवरील रसायनास निळा प्रकाश फार दिसे आणि तांबडा जवळजवळ मुळींच दिसत नसे; म्हणून तांबडी वस्तु त्या चित्रांत काळपट उमटते. आतां शंभर वर्षांपूर्वींच्या ब्राह्मण घरांतील केशवपन झालेल्या विधवेचें छायाचित्र घ्या. तिचें आलवण तांबडें असे. चित्रांत तें काळवंडलेलें. यंत्र त्यास निळें करील, तपकिरी करील. तांबडें करण्यास त्याजजवळ आधार नाहीं. त्या एका रंगांत काय सांठविलेलें होतें, हें आगरकर-कर्व्यांच्या महाराष्ट्रांत वाचकांस समजावून सांगणें नको. पणतू तें निळें चित्र भिंतीवर लावतो, 'किती जिवंत वाटते!' म्हणतो, आणि जी शिक्षा त्या बाईनें जन्मभर अंगावर वागविली ती आपण क्षणांत पुसून टाकली, हें त्याच्या गांवींहि नसतें.

त्याच संचांत चेहऱ्यावरचें हसूं वाढविण्याचीहि पट्टी आहे. त्या पिढीला छायाचित्रांत हसण्याची रीत नव्हती, एवढेंहि आपण ध्यानांत घेत नाहीं. ही गोष्ट थट्टेवारी नेणारांनीं २०२१ च्या एप्रिलांतील एक प्रकरण आठवावें. कंबोडियांत १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटींत तुओल स्लेंगच्या तुरुंगांत आणलेल्या बंदिवानांचीं छायाचित्रें घेतलीं जात. त्यांपैकीं बहुतेक सर्वांस पुढें ठार मारण्यांत आलें. 'व्हाइस' या नियतकालिकानें त्यांतील कांहीं चित्रें रंगविलेल्या रूपांत प्रसिद्ध केलीं, आणि लौकरच ध्यानांत आलें कीं कांहीं चेहऱ्यांवर मुळांत नसलेलें स्मित चढविलें आहे. कंबोडियाच्या संस्कृति-मंत्रालयानें निषेध केला, मृतांचे आप्त संतापले, लेख मागें घेतला गेला. आमच्या घरच्या विधवेचें दुःख आणि त्या बंदिवानांचें दुःख एका मापाचें नव्हे, हें आम्ही जाणतों. पण मेलेल्या माणसाच्या तोंडावर आपल्या सोयीचा भाव बसविण्याचा अधिकार आपणांस आहे, ही समजूत मात्र दोन्हीं ठिकाणीं एकच आहे.

मग काय, चित्रें कुजूं द्यावयाचीं? असें आम्ही कोठें म्हणतों? चिरा बुजवा, डाग काढा. पण डोळ्यांनीं पाहून, हातानें, एकेक. २००७ पासून फोटोशॉपमध्यें मूळ चित्रास धक्का न लावतां वरून गाळणी चढविण्याची आणि वाटेल तेव्हां काढून घेण्याची सोय आहे. ती असतांना मूळ प्रतीवरच प्रयोग करून तीच जपून ठेवणें हा शुद्ध आळस होय. मूळ प्रत वेगळी राखावी आणि रंगविलेल्या प्रतीखालीं 'रंग यंत्राचे' एवढे दोन शब्द लिहावेत. नॉर्वेनें जाहिरातींतील बदललेल्या देहाकृतींवर तशी सूचना देणें २०२२ पासून कायद्यानें सक्तीचें केलें आहे. व्यापाऱ्यांपाशीं जें मागितलें जातें, तें आपल्याच मुलाबाळांपाशीं मागण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.