उपाशीपोटी म्हणजे नेमकं काय?

सकाळचे आठ वाजलेत. रक्त तपासणीच्या काउंटरवरचा मुलगा विचारतो, ‘आजी, उपाशीपोटी आलात ना?’ आजी म्हणतात, ‘हो रे बाबा, अन्नाचा कण नाही पोटात. नुसता कपभर चहा घेतलाय.’

शुगर तपासणाऱ्या लॅबमध्ये हा संवाद नवा नाही. आजी खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे चहा खाण्यात धरतच नाहीत. उपासाला तर साबुदाण्याची खिचडी चालते, मग चहाचं काय एवढं? लॅबच्या लेखी मात्र उपाशी म्हणजे किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही नाही, कारण चहातल्या दूध-साखरेने रक्तातला आकडा बदलतो. आजींची खेप फुकट जाते आणि वर ‘नीट ऐकत नाहीत’ हा शिक्का बसतो.

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. निम्मी तरी ओळखली जातील, असं वाजवणाऱ्यांना वाटत होतं. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरांसकट चालू असतं. समोरच्याच्या कानावर पडते ती नुसती टकटक.

दवाखान्यात या टकटकीची किंमत फार मोठी असते. ‘बीपी नॉर्मल आहे,’ असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा गोळीमुळे ते ताब्यात आहे, हे त्यांनी मनात गृहीत धरलेलं असतं. पेशंट ऐकतो, ‘बीपी गेलं.’ ताप उतरला की गोळ्या थांबतात, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. शिवाय वाढलेलं बीपी बहुतेक वेळा काही दुखवत-खुपवत नाही. मग गोळी बंद होते.

इथे दोष पेशंटच्या अडाणीपणावर ढकलणं अन्यायाचं आहे. ज्याला गाणं माहीत आहे, त्यानेच ते समोरच्यापर्यंत पोचलं का हे पाहायला हवं. लॅबच्या चिठ्ठीवर ‘चहासुद्धा नको’ एवढं लिहिता येतं. ओपीडीत कितीही गर्दी असली, तरी ‘कळलं ना?’ या प्रश्नावर थांबू नये. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी विचारावं, ‘काका, ही गोळी घरी कशी घेणार, सांगा बरं?’

काका सांगतात, ‘डोकं दुखलं की घेईन.’ आणि डॉक्टर पेन खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात.