माझे पैसे आत्ता आहेत कुठे?

गेल्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण औषधांच्या दुकानात गेली होती. ताईचे वय ७४. नातवाने शिकवल्यापासून ती फोनवरून पैसे देते आणि त्याचा तिला थोडा अभिमानही आहे. त्या दिवशी तिच्या खात्यातून २,३४० रुपये वजा झाले, तसा संदेशही आला. पण दुकानाच्या काउंटरवरचा बोलका डबा काही बोलेना. ‘आजी, पैसे आले नाहीत,’ दुकानदार म्हणाला. ओळखीचा असल्याने ‘औषधं घेऊन जा’ असेही म्हणाला. पण ताई कुणाची उधारी ठेवणारी नव्हे. तिने पर्समधून रोख पैसे मोजून दिले आणि तडक बँकेची शाखा गाठली. तिथल्या मुलीने पडद्यावर पाहिले आणि सौजन्याने सांगितले, ‘आमच्याकडून पैसे गेलेत, आजी. तुम्ही ॲपवर तक्रार करा.’ ॲपवर उत्तर आले, ‘कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधा.’ संध्याकाळी ताईचा मला फोन. ‘तू आयुष्यभर बँकेत होतास ना? मग एवढंच सांग, माझे पैसे आत्ता आहेत कुठे?’

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. ताई आणि दुकानदार यांच्यात हाताच्या अंतरावर जो व्यवहार झाला, त्यात तिची बँक, तिचे ॲप, त्या ॲपला यूपीआयच्या जाळ्यात घेणारी बँक, मधला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचा स्विच आणि दुकानदाराची बँक एवढ्यांचा हात लागला होता. यातला प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. शेजारच्या भागाशी तो ठरलेल्या भाषेत बोलतो; त्याच्या पोटात काय चालले आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. अशा रचनेला ‘मॉड्युलर’ यंत्रणा म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर तसाच असतो. भांड्याचे पाते गेले तर आपण भांडे बदलतो, मोटर टाकून देत नाही. अशा यंत्रणेने उद्योगाला चपळाई येते आणि तो ग्राहकाच्या जवळ जातो, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. पहिला दावा मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल मात्र थोडे बोलायला हवे.

मी नोकरीला लागलो १९८३ मध्ये. त्याच वर्षी बँकांच्या कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणाच्या करारावर सह्या केल्या होत्या आणि पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा संगणकीकरणाचा अहवाल आला. आमच्या शाखेत मात्र जाडजूड लेजरांचेच राज्य होते. आज वाटते, ती शाखाही सुट्या भागांचीच होती. बचत खात्यांची लेजरे खातेक्रमांकांप्रमाणे विभागलेली आणि प्रत्येकाचा एकूण आकडा जनरल लेजरमध्ये वेगळा. महिनाअखेर मेळ बसला नाही, तर ज्या लेजरात फरक दिसे तेवढेच आम्ही चाळत असू. बाकीच्यांचे काम थांबत नसे. पैसे काढायला आलेल्या माणसाला पितळी टोकन मिळे. त्याचा चेक लेजर कीपरकडून पासिंग ऑफिसरकडे आणि तिथून कॅशियरकडे जाई.

चेक मध्येच अडकत नसे असे नाही. लेजराच्या पानात राहिलेला चेक मी स्वतः शोधून काढला आहे. पण तासभर बाकावर बसलेले गृहस्थ टोकन दाखवत उठले, की पासिंग ऑफिसर खुर्चीतून उठून तिन्ही टेबलांवर जाऊन येई. त्याला तिन्ही टेबले दिसत होती, आणि ती फिरणे हे आपलेच काम आहे हेही ठाऊक होते.

मग संगणक आले. आधी खतावणीची यंत्रे, मग शाखेपुरती संगणकप्रणाली, आणि पुढे सगळ्या शाखांचे एकच मध्यवर्ती खाते, म्हणजे ‘कोअर बँकिंग’. त्याचा फायदा एका उदाहरणाने सांगतो. लेजरांच्या काळात बचत खात्यावर व्याज मिळे ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर. ११ तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचे व्याज नाही. ही लबाडी नव्हती. हजारो खात्यांची रोजची शिलक हाताने काढणे अशक्यच होते. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकीवर व्याज सक्तीचे केले. तोवर व्याजाचे गणित केंद्रातल्या संगणकाकडे गेलेले होते, म्हणून ते जमले. ताईसारख्या लाखो खातेदारांना न मागता चार पैसे जास्त मिळाले. ग्राहकाचे भले यंत्राने केले, असे मी निःसंकोच म्हणेन.

सुट्या भागांची चपळाई दिसली ती मार्च २०२० मध्ये. ५ तारखेला रात्री रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला ५०,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढता येणार होती. ‘फोनपे’ हे ॲप त्या वेळी यूपीआयच्या जाळ्यात येस बँकेमार्फत जोडलेले होते. ते बंद पडले. ज्यांचा येस बँकेत एक रुपयाही नव्हता, त्यांचेही व्यवहार अडले. पण साधारण दिवसभरातच फोनपेने आयसीआयसीआय बँकेची जोडणी घेतली आणि ॲप पुन्हा चालू झाले. मोटर तीच, भांडे बदलले. जुन्या पद्धतीने बांधलेली यंत्रणा असती, तर या बदलाला महिने लागले असते.

उलट टोकाचे उदाहरण ब्रिटनमधले. टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली सारी खाती एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत नव्या प्रणालीवर नेली. सोमवारपासून लाखो खातेदारांना आपलीच खाती उघडता येईनात. तिथल्या नियामकांनी डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला पावणेपाच कोटी पौंडांहून अधिक दंड केला. सगळे घर एकाच दिवशी हलवण्याचा तो परिणाम.

भाग सुटे असले म्हणजे रोगी भाग बाजूलाही काढता येतो. जुलै २०२४ च्या अखेरीस आपल्याकडे सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ही कंपनी सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिची जोडणी तात्पुरती तोडली आणि बाकीचे जाळे सुरक्षित राहिले. निर्णय योग्यच. पण सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार तेवढा वेळ बंद होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी ‘सी-एज’ हे नाव त्यापूर्वी कधी ऐकलेही नसेल. आपली बँक कुणाच्या खांद्यावर उभी आहे, हे खातेदाराला सांगण्याची रीत आपल्याकडे नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की सुट्या भागांनी चपळाई येते, पण ग्राहकाची आस्था आपोआप येत नाही. प्रत्येक भागाचा मालक आपला भाग चोख ठेवतो. ग्राहक अडकतो तो दोन भागांच्या सांध्यावर, आणि तो सांधा कुणाच्याच नावावर नसतो. ताईच्या शाखेतली ती मुलगी कामचुकार नव्हती. तिचा पडदा तिच्या बँकेच्या उंबरठ्यापाशीच संपत होता.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेले परिपत्रक मला यंत्रांइतकेच महत्त्वाचे वाटते ते यासाठी. फसलेल्या व्यवहाराचे पैसे किती दिवसांत परत यावेत, हे त्यात प्रकारवार ठरवले आहे. यूपीआयने खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता खात्यात जमा करायची. सांध्याला असे घड्याळ लावले, की दोन्ही बाजूंचे लोक आपोआप त्याच्याकडे बघू लागतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये लोकपालाच्या तीन वेगवेगळ्या योजना एकत्र केल्या, तेही असेच शहाणपणाचे काम. तोवर आपली तक्रार कोणत्या योजनेत बसते, हे आधी ग्राहकानेच ओळखायचे होते!

त्या रात्री मी ताईला सांगितले, की तुझ्या बँकेने पैसे वजा केले, पण पुढून पोचपावती आली नाही. ताळमेळ लागला की ते परत येतील. संदेशातला बारा आकडी क्रमांक मात्र लिहून ठेव. चौथ्या दिवशी पैसे जमा झाले. नियमाप्रमाणे वेळेतच, त्यामुळे भरपाईचा प्रश्न नव्हता. पण पाच दिवसांची मुदत असते, हे तिला ना शाखेने सांगितले, ना ॲपने. शाखेत त्याची पाटीही नव्हती, कर्जमेळाव्याची होती.

ताई अजूनही फोनवरून पैसे देते. मात्र औषधांच्या पिशवीत पाचशेच्या पाच नोटा घडी घालून ठेवलेल्या असतात.