मैदान सोडणाऱ्याचा हात कोणी धरला?

गोलांची यादी वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. सॅम्युएल एटोने किती मारले, कुठं मारले, कोणत्या पायानं मारले, सगळं मिळतं. मला त्याच्या अख्ख्या करिअरमधली फक्त पाचदहा पावलं पाहिजेत.

25 फेब्रुवारी 2006. स्पेनमधलं सारागोसा शहर, ला रोमारेडा स्टेडियम. बार्सिलोनाकडून खेळणारा हा कॅमेरूनचा फॉरवर्ड कॉर्नर मारायला कडेला गेला, आणि स्टँडमधून माकडाचे आवाज आले. आवाज आधीपासून होतेच, आता ते कानाशी आले. त्यानं कॉर्नर मारला नाही. चालायला लागला, मैदानाबाहेर. पुरे झालं, म्हणाला.

मग सगळे धावले. आपले धावले, समोरचे धावले, रेफरी धावला, कोच फ्रँक रायकार्ड पुढं आला. कोणी छातीला हात लावला, कोणी दंड धरला. रायकार्डचा बाप सुरिनामचा. त्याला हे आवाज नवे होते काय? त्या शिव्या देणाऱ्या स्टँडकडे मात्र एकजणही धावला नाही. अपमान करणारा जागेवर बसून राहिला आणि ज्याचा अपमान झाला त्याचीच समजूत काढणं चालू. परत आला बिचारा. खेळला. बार्सिलोना 2-0 जिंकली. सारागोसा क्लबला दंड झाला 9 हजार युरो. माणसाला माकड म्हणायचा दर तिथं ठरलेला आहे, भरा आणि म्हणा.

ह्याच मैदानावर वर्षभरापूर्वी, 2005 साली, त्याला शेंगदाणे फेकून मारले होते. तेव्हा तो गेला नाही. गोल मारला आणि त्यांच्यापुढं माकडासारखा नाचला. माकड समजता ना, घ्या मग. आपल्यातल्या काहींना तो नाच फार आवडतो. मला नाही आवडत. शिवी अंगावर घेऊन तिचा खेळ करून दाखवला की शिवी देणाऱ्याचं काय जातं? तो हसतो आणि घरी जातो. पण एक वर्ष मुरल्यावर तोच माणूस नाचायच्या ऐवजी चालायला लागला, हे मला मोठं वाटतं.

आता त्याच्याशी माझं भांडण. 2004 साली बार्सिलोनात आला तेव्हा म्हणाला होता, काळ्यासारखा धावीन म्हणजे गोऱ्यासारखं जगता येईल. ह्या एका वाक्यात त्याची सगळी फसगत आहे. शिकलो, नोकरी लागली, कॉलनीत फ्लॅट घेतला म्हणजे जात सुटली, असं मानणारे आपल्यातही कमी नाहीत. ह्यानं काय कमी धावून दाखवलं? पोरवयात रिअल माद्रिदनं आणला, आणि ठेवला कुठं, तर लोनवर लेगानेसला, लोनवर एस्पान्योलला, मग मायोर्काला. तिथं 2003 ला कप जिंकून दिला, फायनलला दोन गोल. 2003, 2004, 2005, तीन वर्षं आफ्रिकेतला सर्वोत्तम. 2005-06 च्या सीझनला 26 गोल, स्पेनमधे सगळ्यात जास्त. आणि तो सारागोसाचा दिवस ह्याच सीझनमधला! गोऱ्यासारखं जगणं कुठं अडकलं मग? पुढं 2009 ला बार्सिलोनानं इब्राहिमोविच घेण्यासाठी एटो दिला, वर सुमारे 4.6 कोटी युरो दिले. बाजारात बैल बदली करतात तसं, वरकड रक्कम रोख. नुकताच रोमच्या फायनलमधे पहिला गोल त्यानंच मारला होता.

तो संत नाही, हेही लिहून ठेवतो. 2022 साली स्पेनच्या कोर्टात त्यानं कर बुडवल्याचं कबूल केलं, 22 महिन्यांची शिक्षा झाली, जेलात जावं लागलं नाही एवढंच. पण चोख हिशेब ठेवणाऱ्यालाच अपमानाची चीड यावी असा काही कायदा नाही.

कुणी म्हणेल, आपल्या पानांत कॅमेरूनचा फुटबॉलवाला कशाला? 1972 साली मुंबईत आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांवरून घेतलं, तेव्हाच हा प्रश्न संपला. आणि मैदान सोडायची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. चांभाराचा पोर पळवणकर बाळू, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढणारा. पुण्यात त्याला चहा प्यायला पॅव्हेलियनबाहेर वेगळं मातीचं भांडं. विकेट चालते, ओठ चालत नाहीत! हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद त्याला दिलं नाही ते नाहीच. 1920 साली त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम टीममधून बाहेर पडले, जाहीर बोलून पडले. 1923 ला विठ्ठल कॅप्टन झाला. बॅटनं तो आधीही बोलत होताच की. ऐकू गेलं ते बाहेर पडल्यावर.

म्हणून तर बाहेर पडणाऱ्याची एवढी भीती. 30 एप्रिल 2017, इटलीतलं काल्यारी. घानाचा सुली मुन्तारी रेफरीला सांगायला गेला की मला रंगावरून शिव्या देताहेत. रेफरीनं काय केलं? मुन्तारीलाच पिवळं कार्ड. तो चिडून निघून गेला तर दुसरं कार्ड, वर एका मॅचची बंदी. बोंबाबोंब झाल्यावर बंदी उठवली. आणि काल्यारी क्लबला सोडून दिलं, का, तर ओरडणारे दहाएकच लोक होते म्हणे. विहिरीवर अडवायला तरी किती लोक लागतात?

पण सगळं गोऱ्यांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. नोव्हेंबर 2011 मधे एटो कॅमेरूनचा कॅप्टन होता. पोरांचे ठरलेले पैसे मिळाले नव्हते, म्हणून टीमनं अल्जीरियाला मॅच खेळायला जायचं नाकारलं. ह्या वेळी त्याचा हात धरायला कोणी नव्हतं, तो खरंच गेला नाही. त्याच्याच देशाच्या, त्याच्याच रंगाच्या फेडरेशननं त्याच्यावर 15 मॅचची बंदी घातली. पुढं ती कमी केली, पण आधी घातली. सारागोसाला 9 हजार युरो आणि एटोला 15 मॅच. मांडा हिशेब.

डिसेंबर 2021 मधे त्याच फेडरेशनच्या अध्यक्षपदावर सॅम्युएल एटो निवडून आला. बाबा रे, 15 मॅचच्या बंदीचा तो कागद तिथंच कुठल्यातरी कपाटात असेल. खुर्चीत बसल्यावर एकदा तरी काढून बघितलास काय?