‘गेली’ म्हणजे कुठे?

हौशी रेडिओवाल्यांपैकी कोणी वारले, की ते त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात. की म्हणजे मोर्सचे संदेश वाजवायची कळ. ती मुकी झाली, एवढाच अर्थ. गेल्या महिन्यात आमचे अण्णा सायलेंट की झाले. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. तीत ‘रेडिओ दुरुस्तीचे जुने कारागीर’ असा उल्लेख होता. तो खोटा नव्हता. पण सोलापूरच्या पूर्व भागातली पुष्कळ घरे अण्णांना ओळखत होती ती वेगळ्या कारणाने.

अण्णा एका कापड गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि शेजारणीशी कानडी. आमच्या सोलापुरात यात काही विशेष नाही. १९८४ साली ते माझ्या बँकेत मुलीला पैसे पाठवायला आले. त्या काळी तारेने पैसे जात, त्याला आम्ही ‘टीटी’ म्हणायचो. तारेसोबत एक पडताळ्याचा आकडा असे. तो जुळल्याशिवाय समोरची शाखा पैसे देत नसे. मी हे सांगितले तर अण्णा खूश. म्हणाले, “म्हणजे तुम्ही पण आमच्यातलेच की!” त्या रविवारी मी त्यांच्या माळ्यावर गेलो आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे जातच राहिलो.

माळ्यावर एक संच, मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी, भिंतभर परदेशी कार्डे. एकदा बोलणे झाले की दोन्हीकडून पोस्टाने कार्ड पाठवायचे, ही त्यांची रीत. गच्चीवर दोन बांबूंमध्ये ६६ फूट तांब्याची तार. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायला एवढी पुरते. दिवसा तिच्यावर पुणे, हैदराबाद, बंगळूर लागायचे. सूर्य मावळला, की लहरी शोषून घेणारा आकाशातला खालचा थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून त्या हजारो किलोमीटर जातात. गिरणीतली तिसरी पाळी नसेल तेव्हा अण्णा रात्रभर ऐकत बसत. बोलत फार कमी. या छंदाला सरकारी परीक्षा द्यावी लागते, परवाना लागतो. धंद्याचे बोलायचे नाही, कोणाचा निरोप पैसे घेऊन पोचवायचा नाही. राजीव गांधींनाही हाच नाद होता. ‘व्हीयू टू आरजी’ ही त्यांची रेडिओवरची ओळख. “पंतप्रधान आणि गिरणीतला वायरमन, परीक्षा एकच बे,” असे अण्णा पोरांना सांगत.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना धरणी हलली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड धाबे. सगळे झोपलेल्यांवर आले. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी जगाला कळली. वर पाऊस. जखमींनी आमचे सिव्हिल हॉस्पिटल भरून गेले.

ठिकठिकाणचे हौशी रेडिओवाले संच घेऊन तिकडे धावले. अण्णा मात्र सोलापुरातच बसले. मी थोडा रागावलोच. ते म्हणाले, “जाणारे पुष्कळ आहेत. ऐकायला कोणीतरी मागं पाहिजे की नाही?” बँक सुटली, की मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसू लागलो.

त्यांची शिस्त कडक होती. निरोप जसाच्या तसा लिहायचा, शब्द मोजायचे, उलट वाचून दाखवायचे, आकडा जुळला तरच पुढचा. एका संध्याकाळी खरखरीतून निरोप आला: ‘आई गेली. भाऊ सोलापूरला सिव्हिलमध्ये.’ पाच शब्द. आकडा जुळला. मी पान उलटणार, तोच अण्णांनी हात धरला आणि माइकवर विचारले, “गेली म्हणजे कुठे? गावाला, की वारली?” बराच वेळ नुसती खरखर. मग एकच शब्द आला, वारली.

मी जन्मभर पत्रे लिहिली, पुढे कादंबऱ्या लिहिल्या. ‘गेली’ या शब्दापाशी असा थांबणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

निरोप एका यंत्रमाग कामगाराचा होता. अण्णांनी कागद घडी करून खिशात घातला आणि सायकल काढली. हे असे पोराच्या हाती पाठवायचे नसते, म्हणाले. त्यांच्याबरोबर मी तीन-चार घरी गेलो. ते दारात उभे राहून निरोप वाचून दाखवत. त्यात स्वतःचा एक शब्द घालत नसत. मग खाली बसत आणि समोरचा उठेपर्यंत उठत नसत.

संक्रांतीच्या गड्ड्याला हरवलेल्या पोरांची नावे ते लाउडस्पीकरवर तीन भाषांत सांगत. त्यावर खरे तर स्वतंत्र लेख होईल.

तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. आता निरोप खिशातच असतो आणि बोट लावले की शंभर जणांना जातो. खरा की खोटा, ते कोणी उलट वाचून पाहत नाही. शिवाय मोबाइलचा टॉवर विजेवर चालतो आणि वीज गेल्यावर त्याची बॅटरी काही तासांची सोबतीण. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा हौशी रेडिओच्या मोहिमेवर गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले. त्या तिथे होत्या हा योगायोग. योगायोगावर किती भिस्त ठेवायची? शहरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजने एक केंद्र चालवायला हरकत नसावी. खर्च एका स्नेहसंमेलनाहून जास्त येणार नाही.

अण्णांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. संच परवानाधारकालाच देता येतो, त्यामुळे तो कापडाखाली झाकून ठेवला आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. माळ्यावर शिकायला येणाऱ्यांपैकी दोघे परीक्षेला बसणार आहेत. एक मुलगी आहे, पॉलिटेक्निकची. मोर्स न येताही आता सुरुवातीचा परवाना मिळतो. तिला तरी मोर्स शिकायचेच आहे. गच्चीवरची तार काढायची का, असे परवा वहिनींनी विचारले. मी म्हटले, निकाल लागेपर्यंत राहू द्या.