फटफटीची पोथी

दिवाळी आली की आमच्या घरी साफसफाईचे युद्ध जुंपते. एका बाजूला सौभाग्यवती, दुसऱ्या बाजूला मी आणि मधे माळ्यावरची रद्दी. रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा असतो, त्यामुळे तहाच्या वाटाघाटींना सवडच मिळत नाही. यंदा मात्र मी एका पत्र्याच्या पेटीवर बैठक मारली आणि सांगितले, "बाकी हवे ते न्या, ही पेटी जायची नाही." आश्चर्य असे, की सौभाग्यवतींनी चकार शब्द काढला नाही. गेल्या दिवाळीचा माझा प्रताप त्यांनाही आठवत होता.

तो प्रताप वाचकांना सांगावा म्हणतो. दिवाळी अंकात दुसऱ्याची फजिती छापण्यापेक्षा स्वतःची छापलेली बरी; निदान अब्रुनुकसानीची नोटीस तरी येत नाही.

आमचे शहापूर नागपूर-भंडारा रस्त्यावर. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, सभोवार धानाच्या बांध्या आणि मधून रात्रंदिवस धडधडणारा महामार्ग. इथे फटफटीवाचून माणसाचे चालत नाही. आमची फटफटी वडिलांची. शंभर सी.सी.ची, चार स्ट्रोकची, तीस वर्षांपूर्वीची. कंपनीचे नाव काढत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचा काही दोष नव्हता. बाबा शाळामास्तर होते. धाकट्या बहिणीला याच गाडीवर मागे बसवून ते भंडाऱ्याला कॉलेजात सोडीत. आता तिचे सासर तुमसरला. बाबा गेल्यावर गाडी दोन वर्षे गोठ्यात उभी होती. गेल्या भाऊबीजेला त्याच गाडीवर तुमसर गाठावे, आणि तिथून भाचरांना मंडईला न्यावे, असा मी बेत केला. बेत गुप्त होता. म्हणजे फक्त भाचरांना सांगितला होता.

गाडी सुरू झाली, पण इंजिनाच्या झाकणातून ऑइल पाझरू लागले. झाकणाचे पॅकिंग बदलायचे आणि बोल्ट पुन्हा आवळायचे, एवढेच काम. ते स्वतःच्या हाताने आणि पुस्तकाबरहुकूम करावे अशी मला बुद्धी झाली. बुद्धी चांगली होती. पुस्तक मात्र नव्हते. एका शहरातल्या एका दुकानात मी सर्व्हिस मॅन्युअल मागितले, तेव्हा काउंटरवरचा तरुण म्हणाला, "ते पुस्तक गिऱ्हाइकाला देत नाहीत. गाडी आणून उभी करा." मला राग आला. रागाच्या भरात माणूस जे करतो तेच मी केले, आडवाट धरली. ओळखीतल्या ओळखीतून दीडशे रुपयांत एक पेन ड्राइव्ह मिळाला. त्यात म्हणे सगळ्या गाड्यांची सगळी पुस्तके होती! माझ्या गाडीचे म्हणून जे होते ते झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. कोणी कधी काळी झेरॉक्सच्या झेरॉक्सचा फोटो काढला असावा, असे त्या पानांचे रूप होते. मुखपृष्ठ नव्हते, मधली काही पाने गायब होती आणि आकडे मुंग्यांसारखे इकडेतिकडे पांगले होते.

शेजारचे काकाजी निर्माणीतून निवृत्त झालेले फिटर. त्यांच्याकडे टॉर्कचा पाना आहे. ठरवलेला जोर लागला की हा पाना 'टक्' असा आवाज करतो आणि मग थांबायचे असते. काकाजी गावाला गेले होते. पाना काकूंकडून मागून आणला. पुस्तकात झाकणाच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टासमोर आकडा होता १०, एकक किलोग्राम-मीटर. मी पाना दहावर लावला आणि आवळू लागलो. पाना 'टक्' म्हणायच्या आत बोल्टच 'कट्' म्हणाला. डोके माझ्या हातात, धड इंजिनात!

भाऊबीजेला मी एस.टी.ने तुमसरला पोहोचलो. बहीण दारात उभी होती. माझ्या हातातली मिठाई तिने पाहिलीच नाही, माझ्या पाठीमागे रस्त्याकडे पाहत म्हणाली, "भाऊ, बाबांची गाडी?" ओवाळताना ती काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्यापेक्षा ती रागावली असती तर बरे झाले असते.

परतल्यावर तुटका बोल्ट आणि ते पान घेऊन काकाजींपुढे हजर झालो. त्यांनी चष्मा पुसला, पान उजेडात धरले आणि म्हणाले, "काहून जी, सहाच्या बोल्टाले दहाचा टॉर्क? हे तर एक पॉइंट शून्य आहे. टिंब गेलं झेरॉक्समध्ये!"

मग त्यांनी मला समजावले, ते वाचकांनाही सांगतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला एक किलोचे वजन लटकवले, की दुसऱ्या टोकाला जो पीळ बसतो तो एक किलोग्राम-मीटर. सहाच्या बोल्टाला साधारण तेवढाच पुरतो. मी त्याला दहापट पीळ द्यायला निघालो होतो. नव्या पुस्तकांत हाच जोर न्यूटन-मीटरमध्ये देतात. एक किलोग्राम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, जवळजवळ दहा. म्हणजे '१०' हा आकडा एका एककात बरोबर आणि दुसऱ्यात सत्यानाश! "झाकणाचा बोल्ट तुटला, तर ऑइल सांडते," काकाजी म्हणाले. "चाकाच्या आसाचा, ब्रेकचा आकडा असता तर? या हायवेवर?" मी काही बोललो नाही. महामार्गावरून एक ट्रक धडधडत गेला, त्यानेच उत्तर दिले.

खरे पुस्तक कसे ओळखावे? काकाजींचे शास्त्र सोपे आहे. त्यावर प्रकाशकाचे नाव हवे, आवृत्ती आणि वर्ष हवे, कोणत्या मॉडेलसाठी आहे हे स्पष्ट हवे. एकाच नावाच्या गाडीत कंपनी मधेच कार्ब्युरेटर बदलते, वायरिंग बदलते. तेव्हा गाडीचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदावर उतरवून घेतल्यावाचून पुस्तकाच्या शोधाला निघूच नये. शिवाय पुस्तके तीन असतात. पहिली मालकाची पुस्तिका. ती गाडीबरोबरच मिळते. दुसरे पार्ट्स कॅटलॉग. त्यात प्रत्येक भागाचे चित्र आणि नंबर. तिसरे सर्व्हिस मॅन्युअल. खोलायचे कसे, मोजायचे काय आणि आवळायचे किती, हे त्यात.

"आणि तुमी मागितलं चुकीच्या खिडकीवर," काकाजींनी शेवटचा बाण सोडला. पुष्कळ कंपन्यांच्या मॅन्युअललाही सुट्या भागासारखा स्वतःचा नंबर असतो. म्हणजे दुरुस्तीच्या काउंटरवर नव्हे, स्पेअर पार्टच्या काउंटरवर विचारावे; आणि तिथेही नन्नाचा पाढा ऐकू आला, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी विचारावे: पुस्तकाचे नाव काय, नंबर काय, किंमत काय. तीनच प्रश्न, त्यांना 'गाडी आणून उभी करा' हे उत्तर होऊ शकत नाही.

मी म्हटले, "पण काकाजी, गाडी माझी, मग पुस्तकासाठी एवढी आर्जवे का?" प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता. इंग्लंडात जॉन हेन्स नावाचा गृहस्थ विमानदलात असताना एडनला होता. एका सोबत्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट मोटार दुरुस्त करताना त्याला आढळले, की कारखान्याचे मॅन्युअल सामान्य माणसासाठी लिहिलेलेच नाही. त्याने कॅमेरा घेतला, गाडी खोलली, जोडली आणि पायरीपायरीचे फोटो काढले. त्यातून १९६६ साली त्याचे पहिले मॅन्युअल निघाले. पहिल्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. यात चोरी कुठेच नाही. दुसऱ्याचे पुस्तक उतरवणे निराळे आणि यंत्र स्वतः खोलून स्वतःचे पुस्तक लिहिणे निराळे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा पुस्तकाचे रक्षण करतो, आणि कंपनीचे मॅन्युअल हेही पुस्तकच आहे. पेन ड्राइव्हवाल्याला दिलेले माझे दीडशे रुपये त्या कायद्याच्या हिशेबात बसत नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण कायद्याला दुसरीही बाजू आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला आणि सुटे भाग, तपासणीची उपकरणे व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही मिळाली पाहिजे असे बजावले. कंपन्या अपिलात गेल्या, हे ओघानेच आले. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातली टिकाऊ उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. पुस्तक मागणारा माणूस भिकारी नव्हे, हक्कदार आहे, एवढे तरी सरकारदरबारी उमटले.

याची खरी गरज माझ्यापेक्षा आमच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीला आहे. एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ च्या नियमांमुळे नव्या फटफट्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, सेन्सर आले. मिस्त्री म्हणतो, "जुन्या गाडीचं कानानं समजते, भाऊ. नवी गाडी कानाले काही सांगतच नाही जी!" जे कानाला कळत नाही ते पुस्तकात असते. ते पुस्तक त्याच्या हाती पडले नाही, तर बापाने टाकलेले दुकान लेकाला बंद करावे लागेल, आणि आपल्याला पंक्चरसुद्धा भंडाऱ्याला जाऊन काढावे लागेल.

माझे म्हणाल, तर मी पत्र लिहिले. इंजिन नंबर दिला, तीन प्रश्न विचारले. पुस्तकाचा नंबर कळला, स्पेअर पार्टच्या काउंटरवर पैसे भरले आणि काही आठवड्यांनी पुस्तक आले. प्रथम ते पान उघडले. सहाच्या बोल्टापुढे १.०, टिंब कसे टपोरे, कुंकवासारखे! मिस्त्रीने इंजिनात अडकलेले धड काढून दिले, काकाजींनी पाना धरायला शिकवला आणि या वेळी 'टक्' ऐकू आले.

आणि ती पत्र्याची पेटी? पुस्तकाच्या शोधात ती उघडली, तेव्हा तळाशी मालकाची पुस्तिका निघाली. खाकी कव्हर घातलेली, मास्तरांच्या शिरस्त्याप्रमाणे. समासात बाबांच्या अक्षरात प्रत्येक ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर. एका ठिकाणी नुसते लिहिले होते: 'ताईचा पहिला पेपर. चेन तपासली.'

यंदा भाऊबीजेला ही पुस्तिका घेऊन फटफटीने तुमसरला जाणार आहे. तुमच्याकडे साफसफाई चाललीच असेल. रद्दीवाल्याच्या काट्यावर काही चढवण्याआधी, मंडळी, एकदा पाने चाळून पाहा.